मगदूम मास्तर आणि घाटात तापलेली गाडी

गाडी तापली की माणसं रेडिएटरकडं धावतात. मगदूम मास्तर आधी ड्रायव्हरकडं जात.

त्याला सावलीला बसवत, प्यायला पाणी देत आणि मग एकेक प्रश्न काढत. "कुठं तापली? चढाला का सपाटीला? पळताना का उभ्या उभ्या? काटा हळूहळू चढला का एकदम? वास आला का? कसला, रबराचा का तेलाचा? पाणी खाली सांडलं, का नुसतंच कमी झालं?" एवढं झाल्याशिवाय ते बॉनेटला हात लावत नसत. कुणी घाई केली तर म्हणत, "तापणं हा रोग न्हवं. ती गाडीची तक्रार हाय. तक्रार आधी नीट ऐकायची."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सांगलीतल्या एका तांत्रिक विद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत होते. साताऱ्याहून नुकतीच आलेली, एम.एस्सी.ची शाई अजून ओली, आणि त्या आवारात साडी नेसणारी मी एकटीच. आण्णाप्पा भरमा मगदूम तिथं मोटार वर्कशॉपचे प्रमुख होते. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, रुंद खांद्यांचे. डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात खाकी शर्ट. हातांच्या रेषांत काळं तेल कायमचं बसलेलं, पण नखं मात्र स्वच्छ. कृष्णाकाठच्या एका खेड्यातलं त्यांचं जैन शेतकरी घर. भाऊ ऊस बघायचे, मास्तरांना मात्र लहानपणी नदीचं पाणी वर ओढणाऱ्या ऑइल इंजिनानं वेड लावलं. पुढं काही वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढून ते आमच्याकडं आले होते.

त्यांची माझी ओळख माझ्या वर्गाच्या दारात झाली. दाब वाढला की पाणी जास्त तापमानाला उकळतं, हे मी फळ्यावर लिहीत होते. दारात मास्तर उभे.

"बाई, आत्ता तुमी सांगितलं ते खरं का?"

"खरंच आहे की."

"मग ह्यातल्या दोघांनी काल गरम रेडिएटरचं झाकण काढायला हात का घातला हुता?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बाहेर नेलं, मलाही. वर्कशॉपसमोर एक जीप धुमसत उभी होती. मास्तर म्हणाले, "झाकण बंद हाय तवर आतलं पाणी दाबाखाली गप बसलंय. झाकण काढलं की दाब गेला. मग ते सगळंच्या सगळं एका झटक्यात उकळतं, आणि तुमच्या तोंडावर येतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं ते हेच." मग त्यांनी शर्टाची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसून चकाकत होती. "हे माझं नोकरीचं पहिलं वर्ष."

त्या दिवशी मला कळलं, की मी जे शिकवते ते या माणसाला अंगावरच्या खुणेसकट माहीत आहे. नंतर मी उष्णतेचा धडा कधीही एकटीनं शिकवला नाही.

त्यांच्या सवयी साऱ्या विद्यालयाला पाठ होत्या. सूर्य मावळायच्या आत जेवण, म्हणजे जेवणच. मग समोर कुणाचीही गाडी उघडी पडलेली असो. पाणी प्यायचं ते गाळून, आणि गाडीला पाजायचं तेही गाळून. त्यासाठी जुन्या धोतराचे मऊ तुकडे त्यांच्या खिशात असत. सुशीलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या तुकड्यांच्या कडा निळ्या दोऱ्यानं शिवून देत. पोरं मागं त्यांना 'गाळणं मास्तर' म्हणत. मी एकदा विचारलं, "मास्तर, हे धर्मासाठी, का इंजिनासाठी?"

"एकाच कापडात दोन्ही कामं होत्यात बाई. किडामुंगी मरत न्हाई आणि नळ्यात गाळ बसत न्हाई. तुमी कुठलं बी कारण धरा."

हातानं बघायची त्यांची एक साधी रीत होती. इंजिनातून रेडिएटरकडं गरम पाणी नेणारा वरचा रबरी पाइप आणि निवलेलं पाणी परत आणणारा खालचा पाइप. वरच्याला नुसतं बोट लावायचं, खालच्याला पंजा. "वरचा चटका देतोय आणि खालचा कोमट, म्हणजे पाणी फिरतंय. वरचा चटका देतोय आणि खालचा थंडगार, म्हणजे वाटेत कुणीतरी बसलंय. कोण बसलंय ते मग हुडकायचं."

कधी कधी तर हुडकण्यासाठी बॉनेटही लागत नसे. तासगावकडचे एक बागायतदार, सगळे त्यांना दादासाहेब म्हणत, आपली भली मोठी गाडी घेऊन आले. रेडिएटर नवा, पंप नवा, तरी दहा मैलांवर पाणी उकळायचं. मास्तरांनी ड्रायव्हरला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाचं उत्तर दादासाहेबच देऊ लागले.

"दादासाहेब, गाडी कोण चालवतंय?" मास्तरांनी विचारलं.

"हा चालवतो की."

"मग त्येला बोलू द्या."

ड्रायव्हर मालकाकडं बघत चाचरत म्हणाला, "मास्तर, उताराला सोडली तरी पळत न्हाई. जड जड चालतीया." दादासाहेब हसले. मास्तर मात्र उठले, गाडीभोवती फिरले आणि चारही चाकांच्या मध्यावर हात लावत गेले. मागच्या उजव्या चाकाशी त्यांनी हात झटकन मागं घेतला.

"ह्या चाकाचा ब्रेक सुटतच न्हाई. बैलानं गाडी वडायची आणि मागनं आपणच धरून ठेवायची, असं चाललंय. इंजिन दमंल न्हाई तर काय हुईल?" मग ते ड्रायव्हरकडं वळले. "तू हे मालकांना सांगितलं हुतंस का?"

"सांगितलं हुतं," तो पुटपुटला.

"बघा दादासाहेब. रोग त्येला कवाच कळला हुता. नाव तेवढं ठावं नव्हतं."

असा हा माणूस. मोठ्यांपुढं न वाकणारा, लहानांचं ऐकणारा. दोष एकच, आणि तोही आम्हाला तेव्हा दोष वाटत नसे. त्यांना आपल्या हाताचा फार अभिमान होता. "माझ्या हाताखालनं गेलेली गाडी परत येत न्हाई," असं ते म्हणत, आणि वर्षानुवर्षं ते खरं होतं.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी विद्यालयाच्या व्हॅनचं इंजिन पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं. वीसेक माणसं बसतील अशी ती जुनी व्हॅन होती. ती चालवायचा महादेव. म्हसवडचा, तिशीचा, अबोल. बायको आणि एक तान्ही मुलगी घेऊन सांगलीत भाड्याच्या खोलीत राहायचा. नोकरी तात्पुरती होती, त्या वर्षअखेर कायम व्हायची आशा होती.

पावसाळ्यात एकदा तो वर्कशॉपच्या दाराशी येऊन म्हणाला, "मास्तर, विट्याकडं चढाला काटा वर जातोय."

मास्तरांनी व्हॅन दारात उभी करून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. काटा हलला नाही. "पाय जड हाय तुझा. खालच्या गिअरवर घेत जा."

महिन्याभरानं तो पुन्हा आला. तेव्हा मी तिथंच होते. "मास्तर, चढालाच तापती. सपाटीला काय सुदिक न्हाई."

"अरं, इंजिन मी बांधलंय!" मास्तर एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. महादेव मान खाली घालून गेला. मला ते खटकलं, पण बोलले नाही. दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हरला मास्तरांनी सावलीला बसवून वीस प्रश्न विचारले असते, हे माझ्या मनात आलं होतं. ते मी मनातच ठेवलं, याची बोच अजून आहे.

दिवाळीनंतर मुलांची सहल महाबळेश्वरला निघाली. बरोबर मी. साताऱ्याला चहा झाला, मेढ्याला महादेवनं हॉटेलातून बादली आणून रेडिएटर काठोकाठ भरला, आणि आम्ही केळघरच्या घाटाला लागलो. चौथ्या-पाचव्या वळणावर काटा चढला. महादेवनं गाडी बाजूला घेतली, इंजिन निवू दिलं. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याचा शर्ट घामानं भिजला होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं.

"बाई, तुमी शिकलेल्या हाय. ह्या खालच्या पाइपाला हात लावून बघा."

मी हात लावला. घाटातल्या झऱ्याच्या पाण्यासारखा थंड. वरच्या पाइपाजवळ तर हात नेववत नव्हता.

"पाणी भरल्यालं हाय, बाई. पण फिरंना झालंय," तो म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पोरं खाली उतरवा. रिकामी गाडी हळूहळू वर नेतो. हितं वळणावर ठिवली तर येणाजाणाऱ्याला धोका."

आम्ही चालत निघालो. दोन वळणं गेली असतील, वरून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा महादेव रस्त्याकडेला दगडावर बसून रडत होता. इंजिन जाम झालं होतं.

व्हॅन ट्रकमागं बांधून सांगलीला आली. ती पोचायच्या आधीच विद्यालयात निकाल लागला होता: ड्रायव्हरनं पाणी घातलं नाही. पाणी घातलं होतं, मी पाहिलं, असं मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बादली पाहिली असेल. रेडिएटर पुरता भरला होता कशावरून?" मास्तरांनी इंजिन उघडून अहवाल द्यावा आणि मग कार्यकारी मंडळ महादेवचं काय ते ठरवेल, असं ठरलं. काय ठरणार ते सगळ्यांना माहीत होतं. महादेवच्या बायकोनं सामान बांधायला काढलं होतं.

मास्तरांचं अक्षर कच्चं. अहवाल लिहायला त्यांनी मला बोलावलं. शनिवारची दुपार होती, शाळा सुटलेली. कामाला हात घालण्याआधी मी त्यांना घाटातलं सगळं सांगितलं. तीनदा थांबलेली गाडी, काठोकाठ पाणी, थंड पाइप. ते ऐकता ऐकता त्यांच्या हातातला पाना तसाच राहिला.

"खालचा थंड हुता? नक्की?"

"माझ्या हातानं बघितलाय मास्तर."

त्यांनी पाना खाली ठेवून हात पुसले. मग कामाला लागले. आधी त्यांनी थर्मोस्टॅट काढला. पाणी तापल्यावर वाट उघडून देणारी ती छोटी झडप. स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळून त्यात ती सोडली आणि वाकून बघत राहिले. आपण निर्दोष ठरावं म्हणून माणूस जसा देवाकडं बघतो, तसे ते त्या पातेल्याकडं बघत होते. झडप नीट उघडली. मग पट्टा सैल करून पंप जागेवरच हातानं फिरवून पाहिला. पंपही चांगला. मग खालच्या पाइपाची पट्टी सैल करून त्यांनी पाइप ओढून काढला आणि आत बोट घातलं.

बोटाबरोबर एक ओला, करपट, पिवळा पडलेला कापडाचा बोळा बाहेर आला. मास्तरांनी तो टेबलावर हळूच उलगडला. धोतराचा तुकडा. कडेला निळा दोरा.

मला समजायला क्षण लागला. उन्हाळ्यात इंजिन उतरवलं तेव्हा आत धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी पाइपाच्या तोंडात ते कापड कोंबलं होतं, आणि जोडताना ते काढायचं राहून गेलं होतं. इंजिन मंद चालताना ते पाइपाच्या अंगाला चिकटून पडे आणि पाणी बाजूनं निघून जाई. चढाला पंपाची ओढ वाढली की ते गोळा होऊन पंपाच्या तोंडाशी बसे. म्हणून दारात अर्धा तास उभं करून काटा हलला नव्हता. म्हणून सपाटीला काही होत नव्हतं. महादेवचा शब्द न् शब्द खरा होता.

वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच. माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. आपण नुसतं 'यांत्रिक बिघाड' असं लिहिलं तर? महादेवही सुटेल आणि..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाक्य पूर्ण केलं नाही.

"बिघाड म्हटलं की लोक चालवणाऱ्याकडंच बघत्यात, बाई. लिहा." आणि ते उभं राहून सांगू लागले. "इंजिन तापण्याचं कारण, खालच्या पाइपात कापड. कापड आण्णाप्पा मगदूम यांचं. पाणी पुरेसं होतं. ड्रायव्हरनं दोन वेळा तक्रार केली होती." इथं त्यांनी टेबलावरचा तुकडा हातानं सरळ केला. मग म्हणाले, "ती मगदूम यांनी ऐकली न्हाई. असंच लिहा. शेवटचं वाक्य गाळू नका."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

मंडळाच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. अध्यक्षांनी अहवाल दोनदा वाचला. ते मास्तरांना मानणारे होते. "मास्तर, एवढं अंगावर घ्यायची काय गरज होती? कापड काय, कुणाचंही असू शकतं."

"शिलाई माझ्या घरची हाय, साहेब."

"पण काटा चढलेला दिसत असूनही त्यानं गाडी पुढं नेली, ही त्याची चूक नाही का?"

"त्यो तीनदा थांबला, साहेब. पोरं उतरवली, मग गाडी हलवली. मी एकदा बी थांबलो न्हाई." अध्यक्ष अहवाल मिटू लागले, तसे मास्तर म्हणाले, "शिक्षा द्यायची तर नाव चुकवू नका. एवढंच मागणं हाय."

शिक्षा झाली. वर्षभरासाठी वर्कशॉपचा कारभार मास्तरांकडून काढून एका तरुण शिक्षकाकडं दिला गेला. ज्या माणसाला त्यांनी पाना धरायला शिकवला, त्याला विचारून आता त्यांना कपाटाची किल्ली घ्यावी लागे. ते ती घेत, आणि वेळेवर परत करत. महादेव कायम झाला.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सगळी पोरं वर्कशॉपमध्ये असताना मास्तर महादेवपुढं जाऊन उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "गड्या, माझं चुकलं. तू दोनदा सांगितलंस."

महादेव कासावीस झाला. "आवं मास्तर, असं नगा करू. टोपी घाला आधी."

"आधी तू हू म्हण."

"हू," महादेव म्हणाला, आणि मास्तरांच्या हातातली टोपी घेऊन त्यानंच त्यांच्या डोक्यावर ठेवली.

व्हॅनचं इंजिन मास्तरांनी पुन्हा बांधलं. बांधून झाल्यावर ते विद्यालयाच्या दारात तपासलं नाही. एका रविवारी महादेव, मास्तर आणि मी तीच व्हॅन घेऊन तोच घाट चढलो. मागं वाळूची पोती भरलेली. मास्तर महादेवशेजारी बसून दर वळणाला विचारत होते, "काटा?" आणि महादेव म्हणत होता, "जाग्यावर." वर पोचल्यावर मास्तर उतरले, वाकले, खालच्या पाइपाला पंजा लावला आणि तसेच वाकून राहिले. मला वाटलं काही चुकलं. जवळ जाऊन पाहते, तर ते हसत होते.

महादेवही खुशीत येऊन म्हणाला, "आता ही गाडी परत यायची न्हाई मास्तर!"

"येऊ दे की," मास्तर म्हणाले. "आली तर ऐकू काय म्हणती ते."

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या तासाला त्यांनी हीच हकिकत सांगितली. नावासकट, काहीही न लपवता. मी अनेकदा दारात उभी राहून ती ऐकली. सतरा-अठरा वर्षांची दंगेखोर पोरं त्या तासाला चिडीचूप असत. एवढ्या नोकरीत मी हुशार शिक्षक पुष्कळ पाहिले. आपली चूक हाच पहिला धडा करणारा हा एकच. आणि त्या अहवालाचं अक्षर माझं आहे, याचा मला माझ्या पदव्यांहून जास्त अभिमान आहे.

पुढं लग्न होऊन मी साताऱ्याला परत आले. मास्तरांना शेवटचं पाहिलं ते बसच्या खिडकीतून. कराडहून साताऱ्याकडं येत होते. रस्त्याकडेला नारळानं भरलेला एक ट्रक बॉनेट उघडून उभा. शेजारी बाभळीच्या विरळ सावलीत मास्तर उकिडवे बसलेले, स्वच्छ धोतर, बगलेत छत्री, आणि समोर तरुण सरदारजी ड्रायव्हर हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होता. मास्तरांना हिंदी जेमतेम यायचं. ते मान तिरकी करून, डोळे बारीक करून ऐकत होते. थोड्या अंतरावर एक ट्रंक, आणि ट्रंकेवर सुशीलाकाकू. लग्नाकार्याचं नेसलेल्या, मांडीवर पिशवी. ज्या बसमधून दोघं उतरले, ती केव्हाच निघून गेली असणार. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या शेंगा सोलून निवांत दाणे खात होत्या.

मी खिडकीतून हात काढून ओरडले, "मास्तर!" बस भरधाव होती. त्यांनी वर पाहिलं नाही. काकूंनी पाहिलं, पण मला ओळखलं की नाही कोण जाणे. त्यांनी शेंगांची मूठ तेवढी वर केली.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण हो ते? तुमचे वडील का?"

"नाही," मी म्हणाले. "आमचे मगदूम मास्तर." आणि सातारा येईपर्यंत मी त्यांना मास्तरांबद्दल सांगत राहिले.